कॅड मॉडेलमधली भोकं प्रोग्रॅमने कशी शोधायची: खान्देशातल्या वर्कशॉपसाठी पायरीपायरीने

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याकडे स्टेप फाइल (कोणत्याही कॅडमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) येते आणि सोबत निरोप असतो, "भाऊ, सकाळपर्यंत रेट कळवा." ड्रॉइंग मागून येणार असतं. व्हीएमसीच्या (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) कामाचा रेट बराचसा भोकांवर ठरतो: किती आहेत, कोणत्या मापाची, किती खोल, आरपार की बंद, आटे आहेत का, काउंटर (बोल्टचं डोकं बसायला तोंडाशी मोठं केलेलं भोक) आहे का आणि त्यासाठी जॉब किती वेळा फिरवून बांधावा लागणार. साध्या फ्लँजची भोकं डोळ्यांनी मोजून होतात. डाळ मिलची चाळणी, ठिबकचा मॅनिफोल्ड किंवा हायड्रॉलिक ब्लॉक असला की डोळ्यांवर विसंबून चालत नाही. तिथे प्रोग्रॅमच लागतो आणि तो लिहिणं वाटतं तितकं अवघड नाही.

थोडंफार पायथॉन येत असेल तर पुढचं सगळं फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरवर करता येतं. त्याच्या आत ओपन कॅस्केड नावाचं भूमितीचं इंजिन आहे. तेच इंजिन कॅडक्वेरी किंवा पायथॉन-ओसीसीतूनही वापरता येतं. महागड्या कॅडच्या एपीआयमध्येही (प्रोग्रॅममधून कॅडला हुकूम देण्याच्या सोयीतही) विचार हाच राहतो, फक्त नावं बदलतात. एक गोष्ट आधीच तपासा: एकक. सॉलिडवर्क्सचा एपीआय लांबी मीटरमध्ये देतो, फ्रीकॅड मिलिमीटरमध्ये. स्टेप फाइल स्वतः टेक्स्ट म्हणून वाचणार असाल, तर फाइलचं एकक मिलिमीटर आहे की इंच, हे आधी बघा.

फाइलमध्ये भोक नसतंच

रोज हाती पडणाऱ्या स्टेप फाइलमध्ये "इथे ९ मिमीचं भोक आहे" असं कुठेही लिहिलेलं नसतं. डिझायनरने होल विझार्ड (कॅडमधलं भोक मारायचं तयार साधन) वापरून भोक मारलेलं असलं तरी एक्स्पोर्ट करताना ती ओळख गळून पडते. उरतात ते फक्त पृष्ठभाग. सॉलिडला एक कवच असतं, कवच फेसचं बनतं, प्रत्येक फेसच्या खाली एक गणिती सरफेस असतो (सपाट, दंडगोल, शंकू, टोरस म्हणजे कड्यासारखा, गोल किंवा स्प्लाइन म्हणजे मुक्त वक्र) आणि कडांच्या बंद वलयांनी तो सरफेस कापून फेसचा आकार ठरवलेला असतो.

म्हणून भोक ओळखायचं म्हणजे पृष्ठभागांवरून पोकळीचा अंदाज बांधायचा. आणि पोकळी ठरते ती धातू कोणत्या बाजूला आहे यावरून. २० मिमीची पिन आणि २० मिमीचं भोक यांचा सरफेस अगदी एकच असतो: तीच त्रिज्या, तसाच अक्ष. फरक एवढाच, की पिनमध्ये धातू अक्षाकडे असतो आणि भोकात अक्षापासून दूर. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण आपोआप कळतं.

पुष्कळ जण वर्तुळाकार कडा शोधण्यापासून सुरुवात करतात. माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. पाइपच्या गोल अंगावर मारलेल्या भोकाच्या तोंडाशी वर्तुळ नसतं, खोगिरासारखी वाकडी कड असते. तिरप्या पृष्ठभागावर ती लंबवर्तुळ होते. तोंडाला फिलेट (कडेची गोलाई) दिलं असेल तर कड आणखी बदलते. भोकाची भिंत मात्र या सगळ्यांत दंडगोलच राहते. सुरुवात भिंतीपासून करा.

पायरी १: आधी चाचणीचा तुकडा

गिऱ्हाइकाची फाइल उघडण्याआधी स्वतःचा एक ब्लॉक बनवा, ज्यात काय काय आहे हे तुम्हाला पाठ असेल. १०० × ६० × २० मिमीची प्लेट घ्या. तिच्यात ९ मिमीचं आरपार भोक आणि त्यावर १५ मिमीचं काउंटरबोअर द्या (एम८ ॲलन बोल्टसाठी नेहमी धरतात तेच माप). ६.८ मिमीचं १४ मिमी खोल बंद भोक, तळाला ड्रिलचं टोक. चारही कोपऱ्यांना ५ मिमी त्रिज्या असलेला एक पॉकेट (खोदलेला खोलगट कप्पा). एक लांबट स्लॉट. वर आलेला एक गोल बॉस. आणि ओ-रिंगसाठी असते तशी एक गोल खोबण, मधला धातू तसाच ठेवून.

यातल्या पहिल्या दोन वस्तू भोकं आहेत. बाकीच्या चार भोकासारख्या दिसून फसवतात. तुमचा प्रोग्रॅम या तुकड्यावर बरोबर दोन भोकं, एक पॉकेट, एक स्लॉट, एक बॉस आणि एक खोबण सांगत नाही, तोवर त्याने काढलेल्या आकड्यांवर कोटेशन देऊ नका.

पायरी २: दंडगोल फेस वेचा, आतले-बाहेरचे वेगळे करा

फ्रीकॅडमध्ये शेपच्या फेसेस या यादीवरून फिरायचं आणि प्रत्येकाचा सरफेस सिलिंडर प्रकारचा आहे का ते विचारायचं. असेल तर त्रिज्या, अक्षाची दिशा आणि अक्षावरचा एक बिंदू लगेच मिळतो. पॅरामीटर रेंज मागितली की चार आकडे येतात: पहिले दोन कोनाचे, रेडियनमध्ये, आणि नंतरचे दोन अक्षाच्या दिशेने अंतराचे, मिलिमीटरमध्ये.

आता धातूची बाजू. दंडगोलाच्या सरफेसचा स्वाभाविक लंब अक्षापासून बाहेर बघतो आणि फेसचा लंब नेहमी धातूपासून हवेकडे बघतो. भोकात हवा अक्षाकडे असते, म्हणून दोन्ही लंब उलटे पडतात. स्टेप फाइलमध्ये ॲडव्हान्स्ड फेसच्या ओळीच्या शेवटी दोन टिंबांमध्ये "टी" किंवा "एफ" असतं. खालचा सरफेस दंडगोल असेल आणि तिथे "एफ" असेल, तर ती आतली भिंत. फ्रीकॅडमध्ये हीच गोष्ट ओरिएंटेशनमध्ये "रिव्हर्स्ड" म्हणून दिसते.

टी-एफचा किंवा रिव्हर्स्डचा हा झेंडा (खूण) झटपट चाळणीसाठी उत्तम. पण डाव्या-उजव्या हाताचे जोडीचे पार्ट मिरर करून बनवलेले असतात तेव्हा अक्षांची रचना उलटी होऊ शकते आणि झेंड्याचा अर्थही उलटतो. म्हणून निकाल प्रत्यक्ष चाचणीवर द्यावा. फेसवरचा एक बिंदू घ्या, तो अक्षाच्या दिशेने ०.०१ मिमी सरकवा आणि सॉलिडला विचारा की हा बिंदू आत आहे का. फ्रीकॅडमध्ये यासाठी इज-इनसाइड हे फंक्शन आहे. उत्तर "नाही" आलं की आतली भिंत, "हो" आलं की पिन किंवा बॉस.

बिंदू निवडताना एक काळजी घ्या. पॅरामीटरच्या बरोबर मधोमध घेतलेला बिंदू फेसवर असेलच असं नाही. नेमकं तिथूनच आडवं भोक गेलेलं असू शकतं. इज-पार्ट-ऑफ-डोमेनने आधी खात्री करा, नाही तर दुसरा बिंदू घ्या.

पायरी ३: एकाच अक्षावरचे तुकडे एकत्र करा

एका भोकाची भिंत एकच फेस असेल असं धरू नका. काही कॅड सॉफ्टवेअर गोल भिंत दोन अर्ध्यांत विभागून लिहितात, काही एकसंध लिहून मध्ये शिवणीसारखी एक कड टाकतात. आडवी खोबण गेली असेल तर भिंतीचे वर-खाली तुकडे होतात.

दोन फेस एकाच भोकाचे आहेत का हे ठरवायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: अक्षांची दिशा, दोन अक्षरेषांमधलं अंतर आणि त्रिज्या. दिशा तपासताना उलटसुलट दिशा एकच धरायची. अंतराला ०.०१ मिमी आणि त्रिज्येला ०.००५ मिमीची सूट मी ठेवतो. मशीनिंगच्या पार्टला एवढी पुरते.

इथे एक खाच आहे. बरेच जण प्रत्येक अक्षाची एक ओळखचिठ्ठी बनवतात: मूळबिंदूपासून अक्षावर लंब टाकायचा, त्याचे सहनिर्देशक दोन दशांशांपर्यंत गोल करायचे आणि तीच किल्ली वापरून गट पाडायचे. कल्पना वेगवान आहे, पण दोन ठिकाणी दगा देते. १२.३४४९ आणि १२.३४५१ हे जवळजवळ सारखे आकडे गोल केल्यावर वेगळ्या गटांत जातात. आणि पार्ट असेंब्लीत मूळबिंदूपासून दूर ठेवलेला असेल, तर दिशेतली बारीकशी चूक तिथवर पोहोचेपर्यंत मोठी होते. त्यामुळे लंब मूळबिंदूपासून टाकू नका, पार्टच्या मध्यापासून टाका. किल्लीचा उपयोग फक्त शेजारी शोधण्यापुरता ठेवा, शेजारच्या कप्प्यांतही डोकवा आणि अंतिम तुलना नेहमी मूळ आकड्यांची करा.

पायरी ४: गोल किती अंशांचा पुरा झाला

पॉकेटच्या कोपऱ्यातली ५ मिमीची गोलाई हीसुद्धा दंडगोलाची आतली भिंतच असते, फक्त ९० अंशांची. स्लॉटच्या टोकाला १८० अंश असतात. भोकाला ३६०. म्हणून गटाने वर्तुळाचा किती भाग व्यापला ते मोजायचं.

नुसती बेरीज करू नका. मधून खोबण गेलेल्या भोकाचे दोन पूर्ण तुकडे ७२० अंश दाखवतील आणि एकाच बाजूचे वर-खाली असलेले दोन अर्धे तुकडे खोटे ३६० दाखवतील. शिवाय प्रत्येक फेसचा शून्य अंश स्वतःचा असतो. सोपा आणि भरवशाचा उपाय असा: गटासाठी एक समान शून्य दिशा ठरवा, ३६० रकान्यांची यादी करा, प्रत्येक फेसने व्यापलेले अंश तिच्यात खुणावा आणि शेवटी खुणा मोजा.

३५५ च्या वर आकडा आला तर पूर्ण भोक. १८० ते ३५५ च्या मधले गट टाकून देऊ नका, त्यांत कामाचा माल असतो. गिअर किंवा पुलीचा २५ मिमीचा बोअर घ्या, ज्यात ८ मिमीची की-वे (चावी बसायची खाच) आहे. की-वे बोअरच्या भिंतीतले सुमारे ३७ अंश खाते, भिंत उरते ३२३ अंशांची. ३६० चाच हट्ट धरणारा प्रोग्रॅम पुलीला बोअरच नाही असं सांगेल. त्याचप्रमाणे प्लेटच्या कडेला कापलं गेलेलं भोक १८० च्या वर असेल, तर ते ड्रिलने होऊ शकतं, पण कड तुटायची भीती असते. अशांना "उघडं भोक" म्हणून वेगळं लिहा.

बरोबर १८० अंश, तशीच दुसरी अर्धगोल भिंत समांतर अक्षावर आणि दोघींना जोडणाऱ्या दोन समांतर सपाट भिंती, असं दिसलं की स्लॉट. १८० पेक्षा कमी ते फिलेट, त्यांना बाजूला ठेवा.

पायरी ५: अक्षावर उभं राहून बघा

ही पायरी पुष्कळांकडून सुटते आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. गटातल्या प्रत्येक सलग तुकड्याच्या लांबीच्या मध्यावर, नेमका अक्षावरचा बिंदू घ्या आणि तो धातूत आहे का ते विचारा. भोक असेल तर तिथे हवा असणार. ओ-रिंगच्या खोबणीची बाहेरची भिंत आधीच्या सगळ्या चाचण्या पार करून येते: दंडगोल आहे, धातू अक्षापासून दूर आहे, ३६० अंश पुरे आहेत. पण मध्ये धातू शाबूत आहे. ही एक चाचणी तिला पकडते.

फाइलमध्ये एकाहून जास्त सॉलिड असतील तर ही तपासणी प्रत्येक सॉलिडवर स्वतंत्र करा. नाही तर भोकात बसवलेली डॉवेल पिन भोकालाच नाकारेल.

आतापर्यंतचं सगळं थोडक्यात असं दिसतं:

प्रत्येक सॉलिडसाठी:
— दंडगोल फेस गोळा करा
— धातू अक्षाकडे असेल तर सोडा
— अक्ष आणि त्रिज्या जुळणारे फेस एका गटात टाका
— व्यापलेले अंश मोजा. १८० किंवा त्याहून कमी असतील तर स्लॉट-फिलेटच्या यादीत टाका
— सलग तुकड्याच्या मध्यावरचा अक्षबिंदू धातूत असेल तर तो तुकडा खोबणीच्या यादीत टाका
— उरलेला गट भोकाच्या यादीत टाका

पायरी ६: काउंटर, टोक आणि आटे जोडा

मशीनवर भोक म्हणजे एकाच अक्षावर एकामागोमाग येणारे टप्पे. म्हणून त्रिज्या वेगळी पण अक्ष एकच असलेले गट आता जोडा आणि त्यांच्या मधले शंकू आणि सपाट कड्यासारखे फेसही ओढून घ्या.

लहान दंडगोल, मध्ये अक्षाला लंब सपाट कडं, मग मोठा दंडगोल: काउंटरबोअर. तोंडाशी उघडणारा शंकू: काउंटरसिंक किंवा नुसता चॅम्फर. मेट्रिक काउंटरसंक स्क्रूसाठी शंकूचा पूर्ण कोन ९० अंश असतो, इंची स्क्रूसाठी ८२. ओपन कॅस्केड आणि स्टेप दोन्ही अर्धा कोन देतात, म्हणजे ९० च्या जागी ४५ येईल. दुप्पट करायला विसरू नका. ४५ अंशांचा चॅम्फरही तोच आकडा देतो. दोघांतला फरक आकारावरून लावावा लागतो: शंकूचा मोठा व्यास भोकाच्या जवळपास दुप्पट असेल तर काउंटरसिंक, थोडासाच मोठा असेल तर कड मारलेली.

तळाशी टोकाला मिटणारा शंकू म्हणजे ड्रिलचं टोक. साध्या ड्रिलचा टोककोन ११८ अंश, म्हणून अर्धा कोन ५९ दिसेल. आपल्या चाचणीच्या ६.८ मिमी भोकात हे टोक ३.४ भागिले टॅन ५९ अंश, म्हणजे सुमारे २.०४ मिमी खोल जातं. ड्रॉइंगवर १४ मिमी खोली लिहिलेली असते ती सरळ भिंतीची. धातू प्रत्यक्षात १६.०४ मिमीपर्यंत पोकळ होतो. २० मिमीच्या प्लेटमध्ये खाली चार मिमीही उरत नाहीत. पातळ प्लेटला हा हिशेब जीवघेणा ठरतो, म्हणून दोन्ही आकडे अहवालात लिहा.

आट्यांचं मात्र फाइलवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. नेहमीच्या स्टेप फाइलमध्ये आटे खरेखुरे कोरलेले नसतात, नुसतं गुळगुळीत भोक असतं. मापावरून संशय घेता येतो: ५.० म्हणजे एम६, ६.८ म्हणजे एम८, ८.५ म्हणजे एम१०, १०.२ म्हणजे एम१२ चं टॅप-ड्रिल. आणि ६.६, ९, ११, १३.५ ही अनुक्रमे त्याच बोल्टांची मोकळी भोकं. ही जोडी कोष्टकात ठेवा आणि अहवालात "एम८ टॅप असण्याची शक्यता, विचारून घ्या" असं लिहा. टॅपिंगचा वेळ ड्रिलिंगहून वेगळा लागतो. तो गृहीत धरून रेट देणं किंवा न धरता देणं, दोन्ही नुकसानीचं. गिऱ्हाइकाला एक फोन लावणंच बरं.

पायरी ७: आरपार की बंद, आणि हत्यार कुठून जाणार

टप्पे जोडून झाल्यावर अक्षाच्या दोन्ही टोकांपलीकडे किंचित सरकून बिंदू तपासा. दोन्हीकडे हवा असेल तर आरपार, एकीकडे धातू असेल तर बंद. हे काम पायरी ६ च्या आधी करू नका, कारण तळाला शंकू असलेल्या बंद भोकात दंडगोल संपल्यावरही थोडी हवा असते आणि उत्तर "आरपार" असं चुकीचं येतं.

एकाच अक्षावर सारख्याच व्यासाची दोन भोकं आणि मध्ये रिकामी जागा असेल, जशी काट्यासारख्या ब्रॅकेटच्या दोन कानांत असते, तर त्या मधल्या जागेतला बिंदू तपासा. हवा असेल तर एकाच फेरीत ड्रिल दोन्हीतून जाईल, म्हणून एकच ऑपरेशन धरा. धातू असेल तर ती समोरासमोरून मारलेली दोन बंद भोकं आहेत.

शेवटी दिशा. भोकाच्या तोंडापासून बाहेर अक्षाच्या रेषेत एक किरण सोडा. तो पुन्हा धातूला धडकला तर त्या बाजूने हत्यार जाणार नाही. मोकळ्या सापडलेल्या दिशांचे गट पाडले की जॉब किमान किती वेळा फिरवावा लागेल, ते कळतं. कोटेशनमध्ये भोकांच्या संख्येइतकंच वजन या आकड्याला असतं. किरण पातळ असतो, चक आणि होल्डर जाड. म्हणून भिंतीला चिकटून असलेल्या भोकांसाठी होल्डरच्या त्रिज्येचा दंडगोल घेऊन टक्कर तपासावी.

गोल नसलेली भोकं

चौकोनी, षटकोनी किंवा डी आकाराच्या कापांना दंडगोलाची वाट लागू पडत नाही. तिथे सपाट फेसची आतली वलयं बघायची. बाहेरचं वलय सोडून फेसवर आणखी वलयं असतील, तर प्रत्येक जण एक तर पोकळीचं तोंड आहे किंवा उंचवट्याचा पायथा. फरक कडेच्या कोनावरून कळतो. भोकाच्या तोंडाची कड बहिर्वक्र असते, बोट फिरवलं तर धार लागते. बॉसच्या पायथ्याची कड अंतर्वक्र असते. गणिताने: पहिल्या फेसचा लंब आणि दुसऱ्याचा लंब यांचा सदिश गुणाकार करा आणि पहिल्या फेसच्या वलयाच्या दिशेतल्या स्पर्शिकेशी त्याचा बिंदू गुणाकार करा. उत्तर धन आलं की बहिर्वक्र, ऋण आलं की अंतर्वक्र. अट एवढीच, की लंब धातूच्या बाहेर बघणारे हवेत आणि वलय फिरताना फेस डाव्या हाताला हवा.

फेस आणि त्यांच्यामधल्या कडांचा असा बहिर्वक्र-अंतर्वक्र खुणांचा आलेख बनवून त्यात आकार शोधण्याची पद्धत जोशी आणि चँग यांनी १९८८ मध्ये मांडली. पॉकेट, पायऱ्या आणि स्लॉट यांच्यापर्यंत जायचं असेल तर हीच वाट पुढे नेते.

लेझर कटिंगची डीएक्सएफ फाइल (सपाट रेषांचं ड्रॉइंग) असेल तर काम हलकं होतं: बंद वलयं शोधा आणि कोण कोणाच्या आत आहे ते बघा. पॉलिलाइनमधल्या बल्ज या आकड्याकडे लक्ष ठेवा. तो कंसाच्या कोनाच्या चौथाईचा टॅन असतो. बल्ज १ म्हणजे अर्धवर्तुळ, असे दोन लागोपाठ आले आणि वलय तिथेच बंद झालं की ते गोल भोक.

वेष पालटलेले दंडगोल

काही फाइलींत भिंत दंडगोल असूनही स्प्लाइन म्हणून लिहिलेली असते. आयजीइएस या जुन्या फाइल-प्रकारातून फिरून आलेल्या मॉडेलमध्ये हे फार दिसतं. दंडगोल फेस शून्य निघाले आणि चित्रात भोकं ढळढळीत दिसत असली, की हाच संशय घ्या. अशा फेसवर पंचवीस-तीस बिंदू आणि त्यांचे लंब काढा. दंडगोलाचे सगळे लंब एकाच दिशेला काटकोनात असतात; ती दिशा म्हणजे अक्ष. लंबांच्या मॅट्रिक्सला तिच्या ट्रान्सपोजने गुणून मिळणाऱ्या ३×३ मॅट्रिक्सचा सर्वांत लहान आयगेनमूल्याचा सदिश घेतला की ती मिळते. मग बिंदू त्या दिशेला लंब असलेल्या प्रतलावर टाकून वर्तुळ बसवा. सर्वांत वाईट बिंदूची चूक ०.००५ मिमीच्या आत असेल तर तो दंडगोल माना आणि पायरी २ पासून पुढे चला.

एसटीएल फाइल आली तर शक्यतो स्टेप मागा. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, एककही नसतं. नाइलाज असेल तर त्रिज्या त्रिकोणांच्या शिरोबिंदूंवरून काढा, मध्यावरून नको: १० मिमीचं भोक १२ बाजूंनी बनलेलं असेल, तर शिरोबिंदू ५ मिमीवर असतात आणि बाजूचा मध्य ४.८३ मिमीवर. आणि जाळीतली फट हे वेगळंच प्रकरण आहे. जी कड एकाच त्रिकोणाची असते ती फटीची किनार. मोजण्याआधी अशा फटी बुजवून घ्या.

उत्तर बरोबर आहे का, हे कसं तपासायचं

दोन तपासण्या मी नेहमी करायला सांगेन. पहिली ऑयलर-पॉइन्कारेच्या सूत्राची. शिरोबिंदू वजा कडा अधिक फेस वजा आतली वलयं, हा आकडा म्हणजे (कवचं वजा आरपार वाटा) याच्या दुप्पट. साध्या प्लेटमध्ये एक आरपार भोक घ्या, भिंतीवर एक शिवण. शिरोबिंदू १०, कडा १५, फेस ७, आतली वलयं २. हिशेब शून्य येतो. कवच एक, म्हणून आरपार वाट एक. तीच भिंत दोन अर्ध्यांत असेल तर १२, १८, ८ आणि २, पुन्हा शून्य. फेस कसेही तुकड्यांत असले तरी उत्तर बदलत नाही, हे या सूत्राचं बळ.

मर्यादाही ध्यानात ठेवा. बंद भोकं यात दिसत नाहीत. आणि एकमेकांना छेदणारी दोन आरपार भोकं असतील तर आकडा दोन नाही, तीन येतो, कारण पोकळी एक आणि तिची तोंडं चार. हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये हे हमखास घडतं.

दुसरी तपासणी घनफळाची. फ्रीकॅडमधलं डीफीचरिंग (निवडलेले फेस काढून जागा बुजवणारं साधन) वापरून सापडलेल्या भोकाचे फेस काढून टाका आणि घनफळ किती वाढलं ते बघा. २० मिमीच्या प्लेटमधलं ९ मिमीचं साधं आरपार भोक बुजलं की सुमारे १२७२ घन मिलिमीटर वाढ व्हायला हवी. जमत नसेल, तर गटात एखादा फेस कमी किंवा जास्त आहे.

आपल्याकडचे दोन नमुने

ठिबकच्या पाइपवरची भोकं बघा. ६३ मिमी बाहेरचा व्यास, ३ मिमी जाडी आणि त्यावर ग्रोमेटसाठी १६ मिमीचं भोक. पॅरामीटर रेंजमधली लांबी ३ मिमी येणार नाही, सुमारे ४.१५ मिमी येईल, कारण भिंत गोल आहे आणि भोकाच्या दोन बाजू खाली उतरतात. जाडी हवी असेल तर अक्षावरून किरण सोडू नका, तिथे हवाच आहे. पाइपच्या आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्यांची वजाबाकी करा. आणखी एक: पाइपचा स्वतःचा बोअरही सगळ्या चाचण्यांत पास होऊन "५७ मिमीचं आरपार भोक" म्हणून यादीत येतो. भूमितीच्या दृष्टीने ते खरंही आहे. ड्रिलिंगच्या यादीतून तो वगळायला नियम असा करा: भोकाच्या अक्षावरच बाहेरचा दंडगोल असेल आणि तोच पार्टचं मुख्य अंग असेल, तर तो बोअर, तो लेथच्या किंवा कच्च्या मालाच्या खात्यात जाईल.

डाळ मिलच्या चाळणीचं दुखणं वेगळं, तिथे प्रश्न संख्येचा. ५००० भोकांमध्ये प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर जवळपास सव्वा कोटी जोड्या होतात आणि पायथॉन रेंगाळतो. अक्षांचे छेदबिंदू प्लेटच्या प्रतलावर टाकून चौकटींचे कप्पे करा आणि शेजारच्या कप्प्यांतच तुलना करा. बिंदू-आत-आहे-का ही चाचणी तर त्याहून महाग. सारख्या व्यासाच्या, सारख्या दिशेच्या आणि सारख्या फेस-संख्येच्या भोकांमधून नमुन्यादाखल थोडी तपासा, बाकीच्यांना झेंड्यावरून पास करा. अशी प्लेट ड्रिलवर जातच नाही, पंचिंगला किंवा लेझरला जाते. म्हणून अहवालात खोलीच्या रकान्याऐवजी दोन भोकांमधलं अंतर आणि कापाची एकूण लांबी द्या. लेझरवाला तेच विचारतो.

अहवाल कसा द्यावा

प्रत्येक भोकाला एक ओळ: क्रमांक, तोंडाचे सहनिर्देशक, दिशा, टप्प्यांचे व्यास आणि खोली, आरपार की बंद, तळाचा प्रकार, आट्यांची शक्यता. मग सारख्या ओळी एकत्र करून संख्या. सहनिर्देशक ठेवाच, मशीनवरचा माणूस ड्रॉइंगशी ताळा त्यांच्यावरूनच करतो.

यादीबरोबर रंगवलेलं मॉडेलही द्या. आरपार हिरवं, बंद निळं, उघडं नारिंगी. आणि जे आतले फेस कुठल्याच खान्यात बसले नाहीत, ते लाल. पायरी ४ मध्ये बाजूला ठेवलेले फिलेट लाल करू नका, नाही तर मॉडेलभर लालच दिसेल. खरे लाल फेस प्रत्येक फाइलमध्ये थोडेफार निघतात: टेपर पाइप थ्रेडचा शंकू, कास्टिंगमधलं ड्राफ्ट (भिंतीचा हलका उतार) दिलेलं कोअर-होल, दोन अक्षांच्या मध्ये घसरलेला स्प्लाइनचा तुकडा. ते कोटेशन देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा यावेत, म्हणून यादीत सगळ्यांत वर लिहा आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या चाचणीवर अडला, तेही नोंदवा.